शून्य आकाराची फाइल

माझं आयुष्यभराचं काम लोकांना अडवण्याचं होतं. पोलिसात नव्हतो, जकात नाक्यावरही नव्हतो. कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात मी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. आमचे शिपाई शामराव यांना हे नाव शेवटपर्यंत पेललं नाही. ते माझी ओळख 'सिस्टीमवाले मुजावर सर' अशी करून द्यायचे आणि समोरच्या पावण्याला वाटायचं, मी साऊंड सिस्टीम भाड्यानं देतो. गणपतीच्या तोंडावर एकदोन मंडळं चौकशी करून गेली होती. एकानं तर बेस किती आहे तेही विचारलं.

तर हे काम काय असतं, ते आधी सांगतो. आज प्रत्येकाच्या खिशात संगणक आहे, त्यामुळे तेव्हाची गोष्ट पटकन डोळ्यांसमोर येणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एकच मोठा संगणक होता. तो काचेच्या खोलीत एसीत बसायचा आणि आम्ही घामात. बाहेरच्या हॉलमध्ये साठ टर्मिनल होती, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. साठ जण एका वेळी टाइप करायचे, पण डोकं आणि कपाट सगळ्यांचं एकच, आत काचेत. चारशेच्या वर लोकांची त्याच्यावर खाती होती.

माझे मामा हातकणंगल्याचे. त्यांच्याकडे नदीवरून पाणी उचलायची सामाईक योजना होती आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली होती. कॉक कुणी उघडायचा, किती तास, किती इंच. एकानं हावरटपणा केला की शेवटच्या रानाला चिखलसुद्धा मिळायचा नाही. माझं काम पाळ्या लावून देणाऱ्या माणसाचं. आत कुणाला येऊ द्यायचं, आल्यावर त्यानं कपाटातली किती जागा वापरायची आणि मशीनचं डोकं किती वेळ खायचं, हे मी ठरवायचो. जागेच्या मर्यादेला आम्ही कोटा म्हणायचो. कोटा संपला की मशीन तुमचं एक अक्षरही ठेवून घेत नसे.

लोकांना या मर्यादांचा राग यायचा, पण त्या का लागतात याचे नमुने रोज हॉलमध्येच बसलेले असत. भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम सुरू झाला की स्वतःचीच दुसरी प्रत सुरू करायचा, ती प्रत तिसरी. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत त्यानं पाच मिनिटांत मशीनचा गळा धरला. साठ जण पडद्याकडे बघत बसले. मी घामाघूम होऊन ते सगळं आवरत असताना हे प्राध्यापक शांतपणे काचेवर टकटक करून म्हणाले, "मुजावर, मशीन फारच स्लो आहे हो तुमचं. वर तक्रार करावी लागेल." त्या दिवसापासून एका माणसाला एका वेळी किती प्रोग्रॅम चालवता येतील याचीही मी मर्यादा घातली. त्यांनी वर तक्रार केलीच.

पण खरा त्रास मशीनचा नव्हता, दाराचा होता. आमच्या गावात नोटीस वाचायची पद्धत नाही, माणूस गाठायची पद्धत आहे. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की लोक ते वाचायच्या भानगडीत पडत नसत, उठून थेट माझ्या दारात. "सर, ते कायतरी आलंय, जरा बघा की." त्यात अर्धे कुणाच्या तरी ओळखीचे. एकाचा साडू माझ्या गल्लीत, एकाची बहीण माझ्या बायकोच्या शाळेत. आज याला पाच एमबी वाढवून द्या, उद्या त्याला. नाही म्हणावं तर माणूस महिनाभर रस्त्यात बोलत नसे. शेवटी मी दारावर एक पाटी लावली: 'तोंडी विनंती स्वीकारली जाणार नाही. विभागप्रमुखांमार्फत अर्ज करावा.' पेंटर चांगला मिळाला होता, निळ्यावर पांढरी अक्षरं. नंतर कुणी दारात आलं की मी मान वर न करता पाटीकडे बोट करायचो. मला ते फार आवडायला लागलं होतं, हे आज कबूल करतो. वशिल्याच्या गावात एक तरी दार वशिल्याशिवाय चालतं, असा माझा तोरा होता.

आता त्या शुक्रवाराकडे येतो.

परीक्षेचे फॉर्म भरून घेण्याचे दिवस होते आणि भर दुपारी डिस्क भरली. म्हणजे सामाईक कपाटात सुई ठेवायला जागा उरली नाही. परीक्षा विभागाचं काम ठप्प, मुलांची रांग जिन्यापर्यंत. संचालक स्वतः खाली आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्ही पगार कशाचा घेता?" मी शोधायला बसलो. शारीरिक शिक्षण विभागाच्या पाटील सरांनी कुस्तीचे फोटो स्कॅन करून भरून ठेवले होते. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या पैलवानांचे. समोरून, बाजूनं, पाठमोरे.

त्यांना बोलावलं. ते आले, खुर्चीत मावले नाहीत म्हणून उभेच राहिले.

"सर, एवढे मोठे फोटो कशाला? लहान करून ठेवा."

"मुजावर, पैलवान मोठा हाय. फोटो बारीक करून तेला काय लाज आनायची हाय व्हय? जागा द्या की."

संध्याकाळी पाचला मी सगळ्यांचा कोटा एका आज्ञेनं निम्म्यावर आणला. चारशे लोकांना सारखा नियम. कुणाला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोमवारपर्यंत दोनशे अर्ज आणि चारशे साडू आले असते. पडद्यावर आपोआप सूचना येईल अशी सोय मात्र केली. ती इंग्रजीत, दोन ओळींची. सहा वाजता संचालकांची चिठ्ठी आली की शारीरिक शिक्षण विभागाला यातून वगळावं, कारण राज्य पातळीवरच्या स्पर्धेची स्मरणिका निघायची होती. मी वगळलं. चारशेंपैकी एकालाच सूट मिळाली आणि ज्याच्यामुळे कपाट भरलं त्यालाच मिळाली. मी चिठ्ठी फाइलला लावली आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी देसाई बाई यायच्या.

सुशीला देसाई आजऱ्याकडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या आसपासच्या. आजरा भागातल्या भाताच्या जुन्या जातींवर त्यांची पीएचडी चालली होती. डोंगरातल्या वाडीवाडीत जाऊन शेतकऱ्यांकडून मूठमूठ भात आणायचं, दाण्याची लांबी, रुंदी, कुसळ, वास, कुठल्या रानात येतं, कधी कापतात, सगळं मोजायचं आणि आमच्या मशीनवर भरायचं. त्याचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर तेव्हा आमच्याकडेच होतं. पहाटेची एसटी पकडून त्या दहाच्या सुमारास पोचायच्या, कोपऱ्यातल्या टर्मिनलवर बसायच्या आणि चारच्या गाडीनं परत जायच्या. त्यांच्या पिशवीत लहान लहान कापडी पुड्या असायच्या, प्रत्येक पुडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवरचे आकडे टाइप झाले की चिठ्ठी कचऱ्यात, आणि भात परत त्या त्या शेतकऱ्याला. "बियाणं हाय त्यांचं, ठेवून घेऊन कसं चालंल," म्हणायच्या. पहिल्या दोन वर्षांचे आकडे त्यांनी वहीतही उतरवले होते. तिसऱ्या वर्षी मीच म्हणालो होतो, "मॅडम, वही कशाला? सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे." आणि व्हायरसच्या भीतीनं फ्लॉपी वापरायला मीच बंदी घातलेली होती.

त्या शनिवारी साडेदहाला त्या माझ्या दारात आल्या.

"सर, ते स्क्रीनवर कायतरी कोटा का काय येतंय. मी काम करू न्हवं? काय हुत न्हाय ना?"

मी मान वर केली नाही. पाटीकडे बोट केलं.

 त्यांनी पाटी वाचली असावी. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. दिवसभर टाइप करत बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत, असं शामराव नंतर सांगत होते. पावणेचारला त्यांनी फाइल सेव्ह केली, पर्स उचलली आणि स्टँडकडे पळाल्या.

सेव्ह केल्यावर आत काय होतं, ते सांगायला हवं. तेव्हाचा तो प्रोग्रॅम फार भोळा होता. घरातली कणगी आधी पूर्ण रिकामी करायची आणि मग नवं-जुनं सगळं धान्य परत ओतायचं, तशी त्याची रीत. आता कणगी रिकामी केल्यावर धान्याची पोती कुणी दारातच अडवली तर? बाईंच्या बाकीच्या फायलींनीच नवा कोटा ओलांडला होता. मशीननं जुनी फाइल रिकामी केली, नवी लिहायला गेलं आणि माझ्या नियमानं त्याला अडवलं. पडद्यावर एक ओळ आली असणार. चारची एसटी गाठायची असलेल्या माणसाला ती दिसत नाही. तीन वर्षांचं काम असलेली ती फाइल जागेवर राहिली, नावासकट, तारखेसकट. आकार शून्य.

पुढचे सहा आठवडे बाई आल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई आजारी होत्या. आमच्याकडे दर रविवारी सगळ्या मशीनची टेपवर नक्कल निघायची. टेप चार होत्या आणि आलटून पालटून वापरायच्या. चौथ्या रविवारी, ज्या शेवटच्या टेपवर त्यांची भरलेली फाइल होती, तिच्यावरही नवी नक्कल चढली. ती टेप मीच बसवली होती.

सातव्या शनिवारी त्यांनी फाइल उघडली, ती रिकामी दिसली आणि त्या माझ्या दारात आल्या.  मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि खातं उघडून पाहिलं. फाइलमधल्या शेवटच्या बदलाची वेळ होती शनिवार, तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. कोटा बदलल्याची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी पाच. दोन्ही ओळी एकाच पडद्यावर, एकीखाली एक. या धंद्यात असलेल्याला याहून जास्त काही लागत नाही. मला एका मिनिटात सगळं कळलं.

आणि मी म्हणालो, "मॅडम, तुमच्याकडून चुकून पुसली गेली असेल."

 त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "असंल," म्हणाल्या. "माझाच हात लागला असंल."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी तेव्हा हिशोब केला होता. आधीच भर हॉलमध्ये बोलणी खाल्लेली. सूचना न देता कोटा बदलला म्हणून मेमो आला असता. पाटील सरांना सूट आणि या बाईंना पाटी, हे बाहेर आलं असतं. माझं ते वशिल्याशिवायचं दार सगळ्या गावात हसण्यावारी गेलं असतं. म्हणून संचालकांना दिलेल्या लेखी अहवालात मी लिहिलं: 'सदर फाइल वापरकर्त्याकडून रिक्त अवस्थेत जतन झाली.' या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी किंवा नंतर कधी लिहिलं नाही.

दोन वर्षांच्या वह्या होत्या. तिसऱ्या वर्षाच्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेलेल्या, आणि भात त्या त्या रानात पेरलं गेलेलं. परत सगळ्या वाड्या फिरायच्या तर अजून एक हंगाम लागला असता, आणि त्यांच्या नोंदणीची मुदत त्याआधी संपत होती. मुदतवाढीसाठी केंद्राकडून पत्र मागतात. चूक केंद्राची आहे, एवढं एक वाक्य त्यात लागलं असतं. त्यांनी ते मागितलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं की मागता येतं. त्या परत कधी आल्या नाहीत. वर्षभरानं नियमाप्रमाणे मी त्यांचं खातं बंद केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण आपली चूक एकदा दुसऱ्याच्या नावावर केली की माणूस ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवतो. नव्या कर्मचाऱ्यांना शिकवताना मी हा किस्सा सांगायचो. 'एक बाई होत्या, तीन वर्षांची पीएचडी एका बोटानं पुसून बसल्या.' निवृत्तीच्या निरोप समारंभातही सांगितला. लोक हसले. मीही हसलो. शेजारी बायको बसली होती, ती नाही हसली. घरी जाताना रिक्षात म्हणाली, "त्या बाईंचं पुढं काय झालं हो?" मला माहीत नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या, तेव्हा मी पैलवानांचे फोटो लिहिले, प्राध्यापकांचा प्रोग्रॅम लिहिला आणि मग सवयीनं हा किस्सा लिहायला घेतला. 'एक बाई होत्या' इथपर्यंत आलो आणि पुढं हात चालेना. बोलताना इतकी वर्षं सहज निघालेलं वाक्य कागदावर येईना. दोन दिवस तसेच गेले. मग आजऱ्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून पत्ता घेतला आणि सकाळची एसटी पकडली.

घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत होतं. शेजारी काजूचा कारखाना, त्या भाजक्या टरफलांच्या वासानं डोळे चुरचुरत होते. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. ते हायस्कूलचे हेडमास्तर होते, आता निवृत्त. मी नाव सांगितलं, केंद्राचं नाव सांगितलं. त्यांनी मोठ्यानं आत हाक मारली, "अगं, तुझे कम्प्युटरवाले सर आलेत." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "हिनं आख्खी पीएचडी पुसली बघा तुमच्यात, एका बोटात. अजून घरात मिक्सर बंद पडला तरी मी पहिल्यांदा हिलाच विचारतो, तू हात लावलतीस काय." माणूस मनानं चांगला होता. मला बसायला खुर्ची दिली, पंखा लावला आणि दूध आणायला म्हणून बाहेर गेला.

बाई आल्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. "मुजावर सर, एवढ्या लांब?" म्हणाल्या. माझ्याच्यानं आढेवेढे घेणं झालं नाही. कोटा, शुक्रवार, पाटील सरांची सूट, शून्य आकार, टेप, अहवाल, सगळं सांगून टाकलं. किस्सा म्हणून सांगायचो तेही सांगितलं.  संपल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत विचारावं तसं एकेक विचारलं.

"मी सेव्ह दाबलं तवा जागा न्हवती?"

"नव्हती."

"आदल्या शनिवारी असती?"

"होती."

"आणि मी तुमाला इचारायला दारात आलते."

"आला होता."

 मग खिडकीतून बाहेर बघत त्या सांगायला लागल्या, माझ्याशी बोलल्यासारखं नाहीच. त्या दिवसानंतर त्यांनी कम्प्युटरला हात लावला नाही. कॉलेजात सगळं ऑनलाइन झालं तेव्हा गुण भरायचं काम त्या सहकाऱ्यांच्या हातापाया पडून करून घ्यायच्या. पेन्शनचे कागद मुलीनं भरले. फोनवर पैसे पाठवायचे असले की शेजारणीच्या हातात फोन द्यायच्या. "माझ्या हातातच कायतरी खोट हाय, आसं वाटायचं," म्हणाल्या. "भात मोजायला कधी चुकला न्हवता हो हात. तिथंच कसा चुकला, याचाच इचार करत हुते इतकी वर्षं."

मी माफी मागितली.  तेवढ्यात मास्तर दूध घेऊन आले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

"अहो, चहा ऱ्हाऊ दे. इकडं या, बसा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, आता यांच्यासमोर सांगा. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त वेळ लागला, कारण मास्तरांना कोटा म्हणजे काय तिथून समजवावं लागलं. दुधाची पिशवी त्यांच्या हातातच होती. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे हिनं पुसली न्हवती?"

"नाही," मी म्हणालो.

"त्यास्नी काय इचारताय? मला इचारा की," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी सेव्ह दाबलं हुतं. मला तवाबी म्हाईत हुतं. एवढा शिकलेला माणूस पुसली म्हणतोय, म्हणून मी असंल म्हटलं, आणि मग मलाबी तेच खरं वाटाय लागलं. पन पुसलीस काय, आसं इतक्या वर्षांत तुमा दोघांपैकी एकानं तरी मला इचारलं काय?"